वाढीव इंच

रविवारी मॉक असते.
राजारामपुरी, आठवी गल्ली, बंद पडलेल्या सायबर कॅफेतला क्लास,
खुर्च्यांच्या पाठीवर अजून जुने नंबर.
मी सात नंबरवर बसतो.
हेरवाडे सर म्हणतात, प्रश्न सोडवायला सगळ्यांनाच येतं,
सोडून द्यायला शिका.

एक टाकी, दोन नळ, तळाला गळती.
किती तासांत भरेल?
आधी गळती का काढत नाहीत,
एवढ्यावरच माझी तीन मिनिटं जातात.

फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय:
नोकरी, व्यापार, शेती, इतर.
आप्पा उद्यमनगरात पॅटर्न करतात.
पंपाचं घर, गिअरचं झाकण,
आधी सागवानात, मग वाळूत, मग लोखंडात.
वाळू मोडतात, लोखंड विकलं जातं,
लाकूड परत फळीवर येतं
खडूचा नंबर घालून.
मी 'इतर' दाबतो.

पुढं निबंध. तुमचं एक अपयश, तीनशे शब्दांत.

पाचवीत माझी पट्टी हरवली होती.
आप्पांच्या बाकावरची स्टीलची उचलून नेली.
भूमितीच्या पेपरात सगळ्या रेषा जराशा लांब,
दहा सेंटीमीटरला एक मिलिमीटर.
मुल्लाणी बाईंनी स्वतःची पट्टी लावून मोजल्या
आणि लाल शाईनं खाली शून्य.
रात्री आप्पा पोट धरून हसले.
"खोटी न्हाई गं ती. आकसणीची पट्टी हाय.
गार होताना लोखंड अंग चोरतं,
फुटामागं एक सूत.
म्हणून आपण आधीच वाढवून धरायचं."

तीनशे शब्द झाले.
'अंग चोरतं'ला इंग्रजी सापडेना,
ती ओळ काढली. दोनशे ब्याण्णव.

सरावाच्या मुलाखतीला स्क्रीनवर पुण्याचे एक सर.
सुरुवातीला मराठीतच, मोकळं व्हावं म्हणून:
इथपर्यंत कशी आलीस?
म्हटलं, केएमटीनं आलो.
ते थांबले. आलो?
आमच्याकडं पोरी असंच बोलतात, सर.
आलो, जेवलो, झोपलो.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग इंग्रजीत केस.
एक जुनी फौंड्री. ऑर्डर कमी, खर्च जास्त,
आवारात लाकडी पॅटर्नचं खातं, चार कारागीर,
सगळे पन्नाशीच्या पुढचे.
तुम्ही काय सल्ला द्याल?

मी दीड मिनिटात उत्तर दिलं.
खातं बंद करा. काम बाहेरून मशीनवर करून घ्या.
आकडेही सांगितले, तोंडपाठ,
घरचेच होते.
सर म्हणाले, एक्सलंट.
पहिल्यांदाच मी प्रश्न वेळेच्या आत सोडला होता.
सोडवला होता की सोडून दिला होता,
हे स्क्रीन बंद झाल्यावर आठवलं.

त्या रात्री जेवताना आप्पांनी विचारलं,
काय काय विचारलं गं?
म्हटलं, असंच. फौंड्रीबद्दल.
"मग तर तुला सोपंच गेलं असंल की,"
असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात
अजून एक भाकरी टाकली.

परीक्षेच्या दिवशी पहाटे
ते दारात उभे, कानामागं पेन्सिल, कामाचा शर्ट.
किती पडायला पाहिजेत?
नव्याण्णव, आप्पा.
"मग शंभर धर," ते म्हणाले. "आकसतंय ते."
मी समजावत बसलो, ते मार्क नव्हेत,
पर्सेंटाइल असतं,
शंभरातली किती माणसं आपल्या मागं राहिली ते.
आप्पांनी पेन्सिल काढली, परत ठेवली.
"आणि मागं राहिल्यांचं काय करतात?"

बस हॉर्न देत होती.
मी येतो, म्हणालो.
निघताना तेवढंच म्हणायचं असतं.